काशानची झिलई : कांच, शिसें व कथील

रत्नांवरील ग्रंथांत कुंभारकामाची कृति कोणी शोधीत नाहीं; परंतु मध्ययुगीन इराणांतील झिलईविषयीं अत्यंत तपशीलवार लेखी पुरावा अशाच एका ग्रंथांत सांपडला आहे. काशान येथील प्रसिद्ध कुंभार घराण्यांतील अबुल कासिम यानें हिजरी ७०० (इ. स. १३००-०१) च्या सुमारास ‘अराइस-उल्-जवाहिर’ हा फारसी ग्रंथ रचिला. रत्नें, धातु व सुगंधि द्रव्यें यांचें वर्णन संपल्यावर, अगदीं उपसंहारांत, त्यानें घरची विद्या नमूद केली. पहिल्या पानावरून सूची करणाऱ्यास ती दिसणेंच शक्य नव्हतें ! इस्तंबूल येथील दोन हस्तलिखितांवरून हा भाग १९३५ सालीं जर्मन भाषांतरासह प्रसिद्ध झाला.

त्यांतील भांड्याचें अंगच निराळें : दहा भाग गारेची पूड, एक भाग कुटलेली कांच व एक भाग पांढरी माती. ही कांच म्हणजेच हल्लींचे कारागीर जिला फ्रिट म्हणतात ती. गारेचें पीठ व खाऱ्या वनस्पतींची राख भट्टींत एकत्र वितळवून तो रस पाण्यांत ओतीत. तो तडकून त्याचा चुरा होई. एवढा खटाटोप कां ? राखेंतील क्षार पाण्यांत विरघळतो. कच्चाच कालविल्यास तो पाण्याबरोबर भांड्याच्या अंगांत मुरतो व वरची झिलई नीट वितळत नाहीं. गारेशीं एकजीव झालेला क्षार मात्र पाण्यास दाद देत नाहीं.

अपारदर्शक झिलईसाठीं यांत शिसें व कथील येई. दोन्ही धातु भट्टींत तापवून वर धरणारी राख काढीत जात, सर्वांचें भस्म होईपर्यंत. शिशानें झिलई कमी आंचेवर वितळते व तिला चकाकी येते. कथिलाच्या भस्माचे सूक्ष्म कण प्रकाश अडवितात. येथें वाचकानें सावध असावें. तेंच तांबें राखेच्या झिलईंत फिरोजी रंग देतें, शिशाच्या झिलईंत हिरवा. म्हणून कृतींतील रंगद्रव्याचें एकटें पद वाचून भांडें ओळखूं नये.

कच्चें शिसें कारागिरास घातक. तें गारेशीं वितळवून फ्रिट करूनच वापरावें, असें थॉर्प व ऑलिव्हर यांनीं १८९९ सालीं इंग्लंडच्या सरकारास सुचविलें. कारण गारेशीं योग्य प्रमाणांत बांधलेलें शिसें पोटांतील आम्लांत फारच थोडें विरघळतें.

जुन्या रुमालांतील सुट्या पानावर मुरदाडशिंग (फारसी मुर्दासंग) व सफेता हीं नांवें दिसलीं कीं तें पान वैद्यकाचें समजण्याचा मोह होतो. दोन्ही शिशाचींच रूपें, आणि झिलईचींही द्रव्यें. त्याच पानावर गार, कथील व भट्टी यांचा उल्लेख असेल, तर तें मलमाचें नव्हे.