मिनिटभर आधीची अजान

रमजानच्या संध्याकाळी सावद्यात फळांच्या गाड्यांभोवती गर्दी वाढते. खजूर दुरून आलेला असतो, केळी मात्र घरच्या शिवारातली. पन्नासेक किलोमीटरवरच्या बऱ्हाणपुरातही दस्तरखान असाच मांडला जातो. फक्त तिथे मगरीबची अजान मिनिटभर आधी होते, कारण पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी मावळतो. दोन गावांमध्ये राज्याची सीमा आहे, तिचा या मिनिटाशी संबंध नाही.

ही सीमा तशी अलीकडची. थाळनेरहून उदयाला आलेल्या फारुकी सुलतानांनी बऱ्हाणपूर वसवले आणि ते खानदेशाची राजधानी झाले. इंग्रजी अमलात बऱ्हाणपूर मध्य प्रांतातल्या निमाडमध्ये गेले, सावदा मुंबई इलाख्यात राहिले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात आले आणि १९६० साली सावदा महाराष्ट्रात. खानदेशाची जुनी राजधानी अशी परराज्यात राहिली.

व्यवहाराने मात्र ही फाळणी फारशी मानली नाही. सावद्यातले केळी उत्पादक बऱ्हाणपूरच्या लिलावातला भाव रोज विचारतात. सौद्याच्या बोलण्यात लेवा गणबोली, तडवी बोली, खानदेशी वळणाची उर्दू आणि निमाडी हिंदी एकमेकींत मिसळतात. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी भिल्ल आदिवासी आहेत आणि मुसलमानही. त्यांना यातली एकच ओळख निवडायला सांगणे अवघड.

सीमा जाणवते ती कागदावर. बऱ्हाणपूरची मुलगी सून होऊन सावद्यात येते. घरातली बोली, पदार्थ, रीतिरिवाज ओळखीचेच असतात. पण माहेरच्या राज्यातला जातीचा दाखला इथे आरक्षणासाठी चालत नाही. २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. आई हिंदी किंवा उर्दूतून शिकलेली असली, की मुलांच्या मराठीच्या गृहपाठाला आजी बसते. आणि कधी कुणी सहज विचारतो, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ खानदेश हे उत्तर पुरेसे असायला हवे. पण पुढचा प्रश्न येतोच.

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्या प्रश्नाला जुने उत्तर आहे. इ.स. १५९०च्या सुमारास फारुकी सुलतान आदिलशहाने ती बांधली. तिच्या भिंतीवर अरबी लेख आहे आणि नागरी लिपीत संस्कृत लेखही. संस्कृत लेखात फारुकींची वंशावळ आहे, बांधकामाचा काळ विक्रम संवत व शकात दिला आहे. मशिदीतला शिलालेख आपल्या मुलखातल्या सर्वांना वाचता यावा, असे बांधणाऱ्याला वाटले असावे.

एकोणतिसाव्या रोजाला दोन्ही गावांतल्या गच्च्यांवर माणसे पश्चिमेकडे पाहत उभी राहतात. सावद्यात ढग असले, की माहेरी फोन लागतो, ‘तिकडे चाँद दिसला का?’