चाव्यांची स्वस्त लाकडी बासरी घ्यावी का? आधी फोनवर तपासा

काळ्या लाकडाची, चकचकीत चाव्यांची बासरी ऑनलाइन दुकानांत तुम्हीही पाहिली असेल. फोटो झकास, किंमतही आवाक्यातली. मी वसईत राहतो. इथे लग्नाला ब्रास बँड असतो, चर्चमध्ये कॉयर असतो. त्यामुळे असं वाद्य शिकावं असं वाटणारी मुलं बरीच भेटतात. साठवलेले पैसे घालणार असाल, तर 'बाय' दाबण्याआधी हे वाचा.

चाव्या कशासाठी?

या बासरीला बोटांनी झाकायची सहा भोकं असतात. त्यांतून साधारणपणे डी मेजरचे सूर निघतात. मधल्या अर्ध्या सुरांसाठी जास्तीची भोकं पाडून त्यांवर चाव्या बसवतात. चावी दाबली की भोक उघडतं, सोडली की स्प्रिंग ते बंद करते. चावीखालचं पॅड नीट बसलं नाही, तर हवा निसटते आणि खालचे सूर फुसके निघतात. म्हणजे प्रत्येक चावी ही गळतीची एक जास्तीची जागा. पॅड नीट बसवणं हे वेळखाऊ हातकाम आहे आणि स्वस्त वाद्यात काटकसर नेमकी तिथेच होते.

तुम्हाला वाजवायचंय काय?

हिंदी गाणी, भजनं, राग वाजवायचे असतील तर चाव्या लागतच नाहीत. बांबूच्या बासरीवर भोक अर्धं झाकून कोमल सूर काढतात, बोट सरकवून मींड घेतात. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत'चे (1942) संगीतकार पन्नालाल घोष यांनी रागसंगीतात नाव कमावलं ते बांबूच्याच बासरीवर.

पाश्चात्त्य नोटेशन शिकायचं असेल, तर शिक्षक बहुतेक धातूची फ्लूट सांगतात. तिची रचना थिओबाल्ट बोएम यांनी 1847 मध्ये केली. तिची बोटं वेगळी पडतात, म्हणून आधी सरांना विचारा. चाव्यांची लाकडी बासरी खरी शोभते ती आयरिश धुनांना.

फोनने चार चाचण्या

1. गळती: फुंकायचा तुकडा काढा. सहाही भोकं बोटांनी बंद करा, खालचं टोक मित्राला तळहाताने दाबायला सांगा आणि वरून हवा ओढा. स्टॉपवॉच लावा. ओढ काही सेकंद टिकली तर ठीक, लगेच सुटली तर गळती आहे.
2. सूर: पाच-दहा मिनिटं वाजवून बासरी गरम होऊ द्या, गार असताना सूर उतरतो. मग ट्यूनर अ‍ॅपमध्ये ए 440 हर्ट्झवर ठेवा. अर्ध्या सुराचे 100 सेंट असतात. वाजवता येणाऱ्या माणसाच्या हातीही खालच्या आणि वरच्या डीमध्ये 30-40 सेंटचा फरक पडत असेल, तर मी ती घेणार नाही.
3. चाव्या: एकेक चावी दाबून सोडा आणि स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. परत बसताना अडखळली तर दिसेल.
4. भेगा: नळीत टॉर्च मारून आतून बघा.

ऑनलाइन घेताय? मग विक्रेत्याकडून त्याच नगाचा, ट्यूनर दिसेल असा व्हिडिओ मागवा. फोन कॉलवर ऐकू नका. कॉलमधलं नॉइज सप्रेशन अनेकदा बासरीच्या लांब सुरालाच आवाज समजून कापतं. रिटर्नची मुदतही बघून ठेवा.

आपला पावसाळा

दमट हवेत लाकूड फुगतं, सांधे अडकतात. जोर लावून ओढू नका. खाऱ्या हवेत स्प्रिंगा गंजतात. वाजवून झालं की आतून कोरडं पुसायचंच. चाव्या दुरुस्त करणारं कोण आहे, हे खरेदीआधीच शोधा.

मग घ्यायची का?

चारही चाचण्या पास झाल्या आणि दुरुस्तीची सोय असेल, तर घ्या. तपासायलाच मिळत नसेल, तर माझं उत्तर 'नको'. त्याच पैशात बिनचाव्यांची पण सुरात असलेली बासरी घ्या. नवशिक्याचा कान वाद्याच्या सुरावरच तयार होतो. वाद्यच बेसूर असेल तर चूक आपलीच वाटते आणि महिन्याभरात बासरी कपाटात जाते.