विजेने शमणारी वेदना

जखम झाली की वेदना होते व जखम भरून आली की ती थांबते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. परंतु काही रुग्णांच्या बाबतीत जखम बरी होते, कातडीवर केवळ व्रण उरतो आणि वेदना मात्र जात नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. त्या वेळी फिलाडेल्फिया येथील लष्करी रुग्णालयात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांकडे असे अनेक सैनिक आले. गोळीने हाताचा मज्जातंतू दुखावलेला असे. पुढे जखम भरून येई. पण तळहाताची आग होतच राही. वाऱ्याची झुळूक किंवा वर्तमानपत्राची सळसळसुद्धा त्यांना सहन होत नसे. कित्येकजण पाण्याची बाटली व स्पंज जवळ बाळगून हात सतत ओला ठेवीत. वरून काहीच दिसत नसल्यामुळे अशा माणसाचे दुःख इतरांना खरे वाटणे कठीण. मिचेल यांनी मात्र त्यांच्या तक्रारी बारकाईने टिपून घेतल्या आणि १८६४ साली दोन सहकाऱ्यांसह मज्जातंतूंच्या जखमांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

दंडातल्या जखमेने तळहात का जळावा? मज्जातंतू हे मेंदूकडे संदेश नेणाऱ्या तारांसारखे होत. तार मध्येच दुखावली, तर ती आपण होऊनच संदेश पाठवू लागते आणि तो तळहाताकडून आला, असे मेंदू समजतो. अशा वेळी तळहातावर लेप लावून काय उपयोग?

कोपर चौकटीवर आपटले की मूल ते लगेच चोळू लागते व त्यास थोडे बरे वाटते. या साध्या गोष्टीचे मर्म रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली उलगडून दाखविले. वेदनेचे संदेश बारीक तंतूंतून येतात, तर स्पर्शाचे जाड तंतूंतून. हे दोन्ही पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येऊन पोहोचतात. तेथे जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश भराभर येऊ लागले की ते दार बरेचसे लोटले जाते आणि वेदनेची वाट अडते. या उपपत्तीच्या तपशिलात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. तिचे मूळ सूत्र मात्र टिकून राहिले.

मग जाड तंतूंना विजेने जागे केले तर? वॉल व शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी हा प्रयोग आधी स्वतःच्या शरीरावर करून पाहिला. त्यानंतर त्यांनी जुनाट वेदनेच्या ८ रुग्णांच्या मज्जातंतूंना सेकंदाला १०० या वेगाने विजेचे सौम्य ठोके दिले. प्रवाह चालू असता दुखरा भाग दाबला तरी दुखेना! त्यांपैकी चौघांना तर केवळ २ मिनिटांच्या उपचाराने अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम मिळाला. हे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले. कल्पना तशी फार जुनी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य संधिवाताच्या रुग्णाला समुद्रकाठी ओल्या जागी जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून उभे करी. तो मासा विजेचा धक्का देतो. त्याने पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो रुग्णाने तेथून हलावयाचे नसे.

आज यासाठी हातात मावेल एवढे, बॅटरीवर चालणारे यंत्र मिळते. त्याच्या चिकटपट्ट्या दुखऱ्या भागाजवळ लावतात. हाताला मुंग्या आल्यासारखे वाटते आणि काहींची वेदना तेवढ्यापुरती कमी होते. ती सर्वांचीच होते असे नाही. जुनाट वेदनेवर या यंत्राचा कितपत उपयोग होतो, याविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे, त्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते वापरू नये.

इतर उपाय थकले, तर दुखावलेल्या मज्जातंतूलगत शस्त्रक्रियेने बारीक तार बसविता येते. आधी काही दिवस तात्पुरती तार बसवून पाहतात. आराम पडला तरच कायमची तार घालतात आणि तिला वीज पुरविणारे छोटे यंत्र कातडीखाली ठेवतात. प्रवाह किती ठेवावा, हे रुग्ण डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतःच कमीजास्त करू शकतो. तार क्वचित जागची सरकते, यंत्राची बॅटरीही कधीतरी संपते, आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.