ताईत: चांदीची नळी आणि तिची सोबत

पटवेकरी दागिना घडवत नाही, तो गाठवतो. सोनाराने केलेले मणी, पेट्या, पदकं त्याच्याकडे सुटी येतात आणि रेशमात बसून परत जातात. मांडी घालायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून ताण द्यायचा आणि मण्यामागे गाठ मारत जायचं, ही त्याची बैठक. जुन्या चालीचं लहान मुलाच्या गळ्यातलं गाठवायचं तर त्याच्यापुढे ऐवज पडे तो असा: चांदीचा ताईत, दोन-चार पोवळी, काळे मणी, मढवलेलं वाघनख, बजरबट्टूचा एखादा मणी, कधी वेखंडाचा तुकडा. मूल हातभर आणि त्याच्या राखणीला एवढी मंडळी!

ताईत म्हटला की आपलं लक्ष आतल्या मंत्राकडे जातं. घरच्यांची चिंता मात्र बहुतेक बाहेरच्या मालाची असे. मंत्राचा कस कोण लावणार? चांदीचा लावता येतो.

ताईताची घडण दिसायला सोपी आहे. चांदीचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा, लोखंडी सळईवर लाकडी हातोडीने वळवायचा, दोन्ही कडा एकमेकींना भिडवायच्या. सांध्यावर टाकणखार लावून डागाचे बारीक तुकडे ठेवायचे आणि बकनळीने फुंकून ज्योत नेमकी तिथे न्यायची. डागात चांदीबरोबर हलका धातू असतो, म्हणून तो पत्र्याच्या आधी वितळतो. पण फार आधी नाही. फुंकर क्षणभर लांबली की पत्राही बसतो आणि नळीचा गोळा होतो. मग पाठीवर दोन किंवा तीन कड्या, एका टोकाला कायमची टोपी, दुसऱ्या टोकाला निघणारी. हौशी गिऱ्हाईक असेल तर टोप्यांवर रव्यांची ओळ. शेवटी रिठ्याच्या पाण्यात घासली की नळी पांढरीशुभ्र होते.

हा आकार फार जुना आहे. गांधार शिल्पांत, म्हणजे इसवीसनाच्या पहिल्या काही शतकांतल्या पेशावरकडच्या दगडी मूर्तींत, बोधिसत्त्वांच्या छातीवरून तिरका गेलेला दोरा दिसतो आणि त्यात अशाच नळ्या ओवलेल्या असतात. टोप्या आणि कड्यासुद्धा शिल्पकाराने सोडलेल्या नाहीत. आजच्या सराफकट्ट्यावरच्या कारागिराला तो दगड दाखवला तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

आत भूर्जपत्र. हिमालयात, वृक्षरेषेच्या आसपास वाढणाऱ्या भूर्जाची साल कागदासारखी पदरापदराने सुटते आणि सहजी कुजत नाही. तिच्यावर डाळिंबाच्या काडीने, अष्टगंधाच्या शाईने यंत्र काढायचं, गुंडाळी आत सरकवायची आणि टोपी लाखेने किंवा मेणाने बंद करायची. यंत्रांत एक फार चालणारं म्हणजे पंधराचं: नऊ घरांत एक ते नऊ आकडे, उभे-आडवे-तिरपे कसेही मोजा, बेरीज पंधरा. दर्ग्यावर मिळणाऱ्या तावीजातही हाच चौकोन असतो, फक्त आकडे अरबी. नळी घडवणारा सोनार आत काय जाणार हे विचारत नाही, आणि नळीलाही फरक पडत नाही.

सोन्याच्या ताईताची गंमत निराळी. पातळ सोन्याची पोकळ नळी दाबली की चेपते, म्हणून आत लाख भरतात. म्हणजे ऐटीच्या ताईतात मंत्राला जागाच उरत नाही. मोडीला आला की लाखेचं वजन किती धरायचं यावरून सोनार आणि गिऱ्हाईक यांची जुंपते ती वेगळीच.

मला या सगळ्या मालात पोवळ्याची वाट सर्वांत मोठी वाटते. लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहून गेला आहे की आपल्या बायका हिंदुस्थानच्या मोत्यांवर जितक्या भाळतात तितकेच तिकडचे लोक आपल्या पोवळ्यावर. तिथले भविष्यवेत्ते संकट टाळायला ते अंगावर वागवतात. तान्ह्यांच्या अंगावर पोवळ्याची डहाळी बांधली की ती राखण करते, हा समजही त्याने तिथेच नोंदवला आहे. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भरूच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे, आणि त्याच भरूचला पैठण आणि तेरहून गाड्या माल घेऊन जात. परतीच्या वाटेवर काही गाड्यांत इटलीकडचं पोवळं असणार, हा माझा तर्क; पण तो फार धाडसी नाही. प्लिनी इसवीसन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. पोवळं घडवण्यात आज जगभर नाव असलेलं तोर्रे देल ग्रेको हे गाव त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे.

पोवळं म्हणजे चुनाच. घामाने आणि आंबटाने त्याचं पाणी उतरतं. पोवळं फिकटलं म्हणजे माणसाची तब्येत उतरणार, असं जुनी माणसं मानत. तापाबरोबर घामही येतोच, तेव्हा हा समज अगदीच हवेतला नव्हता.

पोवळ्याची नक्कल अर्थातच पाठोपाठ आली, आणि तीही राखणीच्याच दुसऱ्या एका मण्यापासून. बजरबट्टू म्हणजे श्रीताडाचं बी, हस्तिदंतासारखं टणक. ते घासून लाल रंगवलं की पोवळं म्हणून खपे. हे झाड तीस ते ऐंशी वर्षांत एकदाच फुलतं, शेंड्यावर केवढा तरी मोठा तुरा येतो, बिया पिकतात आणि झाड मरतं. रंगवलेला मणी फसवणूक, आणि न रंगवलेला तोच मणी दृष्टीवरचा उतारा! वैदूच्या झोळीत तो अजून सापडतो.

वाघनखाबद्दल बोलताना मात्र कौतुक आवरावं लागतं. जुन्या घरांत मुलग्याच्या गळ्यात दोन नखं समोरासमोर ठेवून सोन्याचांदीत मढवलेली असत. वाघाचं बळ यावं, भीती वाटू नये. एका वाघाला १८ नखं, म्हणजे नऊ पदकं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ पहिल्या परिशिष्टात गेला आणि दाखल्याशिवाय त्याचं नख बाळगणंही गुन्हा ठरला. आता बाजारात मिळतं ते शिंगाचं, हाडाचं किंवा रेझिनचं. मढवण्याची कारागिरी तीच राहिली आहे, आणि इथे नकली माल निघाला तर मी तरी सोनाराला दोष देणार नाही.

चांदीचा आग्रह शहाणपणाचा होता, कारण तान्हं मूल गळ्यातलं आधी तोंडात घालतं. न्यूयॉर्कमध्ये एका वर्षाच्या मुलाच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा शोध त्याच्या गळ्यातल्या कंबोडियन ताईतापाशी थांबला. त्यातल्या मण्यांत ४५ टक्के शिसं होतं. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने २०११ मध्ये हे प्रसिद्ध केलं. म्हणजे धोका मालाचा, घालण्याचा नव्हे; महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही ताईत घालण्याला हात लावत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे करणं, हा त्यात गुन्हा आहे.

टाक हा ताईताचा भाऊबंद. पितळी किंवा काशाच्या ठशावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वर शिशाचा तुकडा, आणि त्यावर घाव. शिसं मऊ, ते पत्र्याला ठशाच्या खोबणीत ढकलतं आणि खंडोबाचा घोडा पत्र्यावर उमटतो. असे टाक देव्हाऱ्यात बसतात, जेजुरीला नेऊन देवाला भेटवले जातात. एक टाक मात्र गळ्यात असे. पहिली बायको मेलेल्या पुरुषाशी लग्न करणारी मुलगी त्या मेलेल्या सवतीची लहानशी प्रतिमा गळ्यात बांधी. नवं लुगडं, नवा दागिना आधी तिला दाखवायचा, मग आपण ल्यायचा. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांतून आणि लोकरूढींच्या संग्रहांतून ही चाल नोंदलेली आहे. इथे पोवळं नको, नख नको, दुरून आणलेलं काहीच नको. भीती घरातल्याच माणसाची, त्यामुळे राखणीलाही तीच.

नवऱ्यासाठीही तोड होती, पण ती अंगावर वागवायची नव्हती. तिसरं लग्न अशुभ, म्हणून तिसरेपणाचा वर आधी रुईच्या झाडाशी लग्न लावी. संकट रुईवर जाई आणि येणारी मुलगी चौथी ठरे. विधी आटोपला की तो मोकळा. टाक मात्र जन्मभर बाईच्या गळ्यात.