स्ट्रॉन्से बेटावरील समुद्रप्राणी : साक्षी व अवशेष

१. किनाऱ्यास लागलेलें अज्ञात प्राण्याचें कलेवर आणि आद्यंत गहाळ झालेली पोथी ह्या दोन वस्तू संशोधकास एकाच प्रकारें फसवितात. जें नष्ट झालें तें मुळांत नव्हतेंच, असें पाहणारा धरून चालतो, आणि उरलेल्या भागावरून एक नवीनच वस्तु मनांत उभी करितो. ह्या भ्रमाचें कागदोपत्रीं नमूद असलेलें उदाहरण म्हणून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांपैकीं स्ट्रॉन्से येथील प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

२. हकीकत. ता. २५ सप्टेंबर १८०८ रोजीं जॉन पीस हा मासे धरावयास गेला असतां खडकांवर पडलेलें एक कलेवर त्याच्या दृष्टीस पडलें. त्यावर समुद्रपक्षी घिरट्या घालीत होते. सुमारें दहा दिवसांनीं वादळानें तें किनाऱ्यावर आणून टाकिलें. जॉर्ज शेरार ह्यानें मोजलें तों लांबी ५५ फूट भरली. डोकें लहान, मान लांब, शेंपूट निमुळतें, पाठीवर आयाळीसारखे राठ केस, आणि पाय सहा! पाहणारांनीं पुढें कर्कवॉल येथें न्यायाधिकाऱ्यांसमोर शपथेवर जबान्या दिल्या. प्रसिद्ध झालेलें चित्र मात्र ह्या लोकांच्या सांगण्यावरून काढलेलें आहे. म्हणजे तें अस्सल नव्हे, नक्कल होय.

३. मतभेद. एडिंबरो येथील वर्नेरियन सोसायटीचे चिटणीस पॅट्रिक नील ह्यांनीं हा प्राणी म्हणजे समुद्रसर्पच, असें मानून त्यास ‘हॅल्सिड्रस पॉन्टोपिडानी’ असें नांव दिलें. पॉन्टोपिडान हा अठराव्या शतकांतील नॉर्वेचा बिशप. त्यानें समुद्रसर्पाचें वर्णन लिहून ठेविलें होतें. लंडनचे शस्त्रवैद्य एव्हरार्ड होम ह्यांनीं दुसरा मार्ग धरिला. बास्किंग शार्क नांवाच्या प्रचंड मुशीचें शरीर त्यांनीं त्याच सुमारास तपासलें होतें. स्ट्रॉन्सेहून आलेले मणके त्यांनीं तिच्या मणक्यांशीं ताडून पाहिले, आणि हा प्राणी तीच मुशी, असा निर्णय १८०९ मध्यें प्रसिद्ध केला. एडिंबरोचे शारीरशास्त्रज्ञ जॉन बार्कले ह्यांनीं १८११ मध्यें त्यास विरोध केला; परंतु कालांतरानें होम ह्यांचाच निर्णय मान्य झाला.

४. उलगडा. मुशीच्या अंगांत हाड नसतें, कूर्चा असते. म्हणून ती कुजतांना तिचें रूप पुढीलप्रमाणें पालटतें.

(अ) जबडे व कल्ल्यांच्या कमानी सैल जोडलेल्या असल्यामुळें आधीं गळून पडतात. मग लहानशी कवटी व मागील मणक्यांची ओळ एवढेंच उरतें. तीच ‘लांब मान’.

(आ) पाठीचा कणा शेंपटाच्या वरच्या पाळींत शिरतो. खालची पाळी निराधार असल्यानें झडते, व शेंपूट चाबकासारखें दिसूं लागतें.

(इ) पाठीवरील परावरचें कातडें नासलें म्हणजे आंतील शिंगट तंतु मोकळे होतात, तीच ‘आयाळ’.

(ई) छातीचे दोन पर, पोटाचे दोन पर, आणि नरास असणारीं दोन जननांगें मिळून ‘सहा पाय’.

५. साक्षींचें मोल. ह्यावरून साक्षीदार लबाड होते असें कोणी म्हणेल, तर तो अन्याय होईल. कातडीवरून डोक्याकडून शेंपटाकडे हात फिरविला तर ती मऊ व उलट फिरविला तर खरखरीत लागे, असें त्यांनीं सांगितलें होतें. हें मुशीच्या कातडीचें नेमकें लक्षण होय. तिजवर मागें झुकलेले सूक्ष्म दांते असतात. अर्थ न कळतां जें जसें अनुभवलें तसें सांगितलें गेलें, तेंच सर्वांत विश्वसनीय ठरलें. ‘पाय’ व ‘आयाळ’ हे शब्द मात्र अनुभव नव्हत, तीं अनुमानें होत. राहतां राहिली लांबी. ह्या मुशीची विश्वसनीय नोंद ४० फुटांच्या आसपास थांबते; तेव्हां होम ह्यांनीं ५५ फुटांचें माप चुकीचें ठरविलें. मापावर वाद होऊं शकेल; मणके कोणत्या जातीचे ह्यावर तो उरत नाहीं.

६. असाच प्रसंग पुनः घडला. ता. २५ एप्रिल १९७७ रोजीं न्यूझीलंडजवळ झुइयो मारू ह्या जपानी मच्छीमार जहाजाच्या जाळ्यांत लांब मानेचें एक कलेवर आलें. दुर्गंधीनें माल नासेल म्हणून तें समुद्रांत टाकून देण्यांत आलें; पण छायाचित्रें, मापें व पराचे कांहीं तंतु राखून ठेविले होते. पुराणकालीन सरीसृप सांपडला, असा गाजावाजा झाला. परंतु त्या तंतूंचें रासायनिक पृथक्करण करितां ते बास्किंग शार्कच्या तंतूंशीं जुळले.

७. निष्कर्ष. दोन्ही प्रसंगीं निवाडा झाला तो जपलेल्या क्षुल्लक तुकड्यावरून. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, पोथीचें फाटकें पान, तुटका शिक्का किंवा कीटकदष्ट बंद निरुपयोगी म्हणून टाकूं नये; तो कोठें व कसा मिळाला हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें; आणि पाहिलेलें व तर्कानें ठरविलेलें हीं दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावीं. पहिला रकाना शुद्ध राहिला, तर दुसऱ्यांतील चूक पुढील पिढी सुधारूं शकेल.