भुलीनंतर तोंड का सुकतं? पाणी का देत नाहीत?

“सिस्टर, माणूस पाण्यावाचून तळमळतोय आणि तुम्ही घोटभर पाणी देऊ देत नाही. कसल्या बायका हो तुम्ही!”

थिएटरमध्ये ड्युटी करत होते तेव्हा हे बोलणं किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. घाईत “थांबा जरा” एवढंच म्हणून मी पुढे जायचे. आता वस्त्यांमधून आरोग्याचं काम करताना वाटतं, नीट समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती आज देते.

तोंड सुकण्याचं एक कारण म्हणजे उपाशीपोट. दुसरं कारण म्हणजे भुलीसोबत दिलेलं इंजेक्शन. ॲट्रोपिन आणि ग्लायकोपायरोलेट ही त्यातली नेहमीची दोन नावं. या गटाला अँटिकोलिनर्जिक म्हणतात.

आपल्या शरीरात नसांच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. ते निरोप्याचं काम करतं. तोंडाला लाळ सोडायला, आतड्यांना हलायला, हृदयाला सावकाश चालायला सांगतं. ही औषधं निरोप घेण्याची जागाच अडवून बसतात. कुलपात दुसरी किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसंच. मग लाळ आटते आणि नाडी वाढते.

हे मुद्दाम का करायचं? पूर्वी इथरची भूल देत. इथरने तोंडात, घशात लाळ आणि चिकट स्राव इतके येत की श्वास अडकायचा. म्हणून आधी ॲट्रोपिन टोचत. आजच्या औषधांनी तेवढी लाळ येत नाही, त्यामुळे प्रत्येकालाच ते आधी देत नाहीत. पण हृदयासाठी ते अजून लागतं. पोटाच्या आतलं अस्तर ओढलं गेलं, किंवा तिरळ्या डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू ताणला गेला, की नाडी एकदम मंदावते. सिझेरियनला पाठीत भूल देतात, तेव्हाही कधी असं होतं. म्हणून 0.6 मिलिग्रॅमचं ॲट्रोपिनचं छोटं अँप्यूल भुलीच्या ट्रेवर तयार असतं. औषध स्वस्त आहे, पण त्या क्षणी त्याच्यावर जीव असतो.

पूर्ण भुलीत स्नायू सैल करण्याचंही औषध देतात. शेवटी त्याचा असर उतरवायला बऱ्याचदा निओस्टिग्मिन देतात. त्याने शरीरभर ॲसिटिलकोलिन वाढतं, लाळ सुटते, हृदय मंदावतं. ते आवरायला सोबत ग्लायकोपायरोलेट देतात. म्हणजे पेशंट बाहेर येतो तेव्हा तोंड सुकवणारं औषध नुकतंच अंगात गेलेलं असतं. तहान खरीच असते. पण शुद्ध पुरती आलेली नसताना पाणी दिलं, तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. उलटी झाली तर तीही फुप्फुसात जाते. यातून जीवावर बेततं. म्हणून सिस्टरला विचारून ओल्या कापसाने ओठ भिजवा. पाणी मात्र त्यांनी सांगितल्यावरच द्या.

या औषधांत एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. ॲट्रोपिन मेंदूपर्यंत पोचतं. ग्लायकोपायरोलेट जवळजवळ पोचत नाही. म्हाताऱ्या माणसांमध्ये हा फरक महत्त्वाचा असतो.

धोतरा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या बियांत ॲट्रोपिनचीच जात असते. चुकून धोतरा खाल्लेलं पोर पाहिलंय का? तोंड कोरडं, चेहरा लाल, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या आणि बडबड असंबद्ध. औषध अंगाला जास्त झालं तरी हेच दिसतं. धोतरा पोटात गेला असेल तर घरी उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

एक आजी आठवतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री सलाईन ओढू लागल्या, वारलेल्या नवऱ्याशी बोलू लागल्या. सून घाबरून म्हणाली, “सिस्टर, हे बाहेरचं आहे, अंगारा आणते.” मी डॉक्टरांना बोलावलं. तपासलं तर लघवी तुंबून पोट टणक झालेलं. नळी घालून लघवी काढली आणि पहाटेपर्यंत आजी सुनेला नावाने हाक मारू लागल्या. ऑपरेशननंतर म्हातारं माणूस भरकटलं तर कारण औषध असेल, ताप असेल, ऑक्सिजन कमी पडला असेल, लघवी अडली असेल. कारण शरीरातच असतं आणि बहुतेकदा सापडतं. अंगारा शोधण्यात गेलेली रात्र मात्र परत मिळत नाही.

म्हणून ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना न विचारताही सांगा:

• काचबिंदू आहे किंवा घरात कोणाला आहे.
• लघवी थांबून थांबून होते, प्रोस्टेटचा त्रास आहे.
• छातीत धडधडतं, हृदयाचं औषध चालू आहे.
• मुलाला ताप आहे. या औषधाने घाम थांबतो, ताप आणखी चढू शकतो.
• सर्दी-ॲलर्जीच्या, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. यातल्या काही गोळ्याही तोंड सुकवतात, दोन्हींचा असर एकावर एक चढतो. गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकूनच न्या.

ऑपरेशननंतर लघवी झाली नाही, डोळा दुखून लाल झाला, छाती फार धडधडली किंवा माणूस ओळखेनासा झाला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच सिस्टरला उठवा.

डॉक्टरला काही विचारायचं नाही, अंगठा किंवा सही करून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्या घरांत अजून आहे. ती सोडा. “मला कोणती भूल देणार? त्यानंतर काय त्रास होईल?” हे दोन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. तो तुमचा हक्क आहे. आणि कोणी सिस्टर माझ्यासारखी घाईत “थांबा” म्हणून गेली, तर तिला पुन्हा हाक मारा.