सागाची बीजबाग

सागाची बीजबाग म्हणजे निवडक सागवृक्षांच्या कलमांपासून केवळ चांगले बी मिळवण्यासाठी वाढवलेली बाग होय. साग (शास्त्रीय नाव: टेक्टोना ग्रँडिस) हा महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा इमारती वृक्ष आहे. सरळ, उंच व निरोगी मातृवृक्षांचे डोळे खुंटरोपांवर भरून ही कलमे तयार करतात. मात्र अशा बागांतून अनेकदा अपेक्षेपेक्षा फारच कमी बी मिळते.

मूळ अडचण

सागाचा फुलोरा फांदीच्या शेंड्यावर येतो. मुख्य शेंड्यावर फुलोरा आला की खोडाची सरळ वाढ थांबून ते दुभंगते. म्हणून उंच, सरळ खोडासाठी निवडलेले वृक्ष बहुधा उशिरा फुलणारे असतात आणि हा गुण त्यांच्या कलमांतही उतरतो. परिणामी लाकडासाठी उत्तम ठरलेले वृक्ष बियांच्या बाबतीत कंजूष ठरतात.

बीजनिर्मितीवर परिणाम करणारे घटक

* परागण: सागाचे फूल एकच दिवस टिकते. परागण मुख्यतः मधमाश्यांसारख्या कीटकांकडून होते. स्वपरागणातून फळे क्वचितच धरतात. त्यामुळे वेगवेगळ्या मातृवृक्षांची कलमे एकाच काळात फुलणे व ती मिसळून लावणे आवश्यक असते.
* पाऊस: साग पावसाळ्यात फुलतो. संततधार पावसात कीटक फिरकत नाहीत व फुले गळतात. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात वर्षाकाठी २००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागपट्ट्यात तो बराच कमी असतो. या दृष्टीने कोकणापेक्षा विदर्भ बीजबागेसाठी अनुकूल ठरतो.
* विलगीकरण: बदलापूरलगतच्या डोंगरांवर साग नैसर्गिकरीत्या वाढतो. अशा जंगलाशेजारी बाग असल्यास बाहेरचे परागकण येऊन बियांची आनुवंशिक गुणवत्ता घटते.
* प्रकाश व अंतर: फुलोरा उन्हातील फांद्यांवर अधिक येतो. झाडे दाटल्यास वेळेवर विरळणी करावी लागते.
* जमीन: पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीत सागाची वाढ खुंटते.
* कीड: पाने खाणाऱ्या अळ्यांमुळे झाडाचे अन्न घटते, काही अळ्या फुलोराही खातात.

परिणाम व पर्याय

सागाच्या फळात चार कप्पे असतात, परंतु त्यांतील अनेक रिकामे राहतात. टणक आवरणामुळे उगवणही अनियमित होते. म्हणून पेरणीपूर्वी फळे आळीपाळीने भिजवून वाळवतात. बागेतील बी अपुरे पडल्यास रोपवाटिकांना सामान्य झाडांखालचे बी वापरावे लागते आणि त्यातील उणिवा काही दशकांनी तोडणीच्या वेळीच पूर्णपणे उघड होतात. बियांना पर्याय म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९८० मध्ये सागाच्या ऊतिसंवर्धनाची पद्धत प्रसिद्ध केली. तथापि एकाच वृक्षाच्या प्रतिकृतींमध्ये आनुवंशिक विविधता नसते. ती टिकवण्यासाठी बीजबागांचे महत्त्व कायम आहे.